वर्क इन्स्ट्रक्शन नक्की कोणाची?

"साहेब, ते कागद क्यूएचे. आम्ही फक्त सही करतो."

इंटर्नल ऑडिटमधलं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन) सुपरवायझरचं हे उत्तर आज डोक्यातून जाईना. क्यूए म्हणजे क्वालिटी खातं. मशीनवर वर्क इन्स्ट्रक्शनची (काम कसं करायचं ते सांगणाऱ्या कागदाची) रिव्हिजन २ लटकलेली, मास्टर लिस्टमध्ये (सगळ्या चालू कागदांच्या यादीत) ४, आणि ऑपरेटर ज्या फीडवर (टूल पुढे सरकण्याच्या वेगावर) जॉब काढतोय तो दोन्हींत नाही.

आयएसओ ९००१ या क्वालिटी सिस्टिमच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीने एमआर (मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह) नेमायची सक्ती काढली, क्वालिटी मॅन्युअलचीही. (आयएटीएफवाल्यांना, म्हणजे वाहन उद्योगाचं मानक पाळणाऱ्यांना, मॅन्युअल लागतंच.) कलम ५.३ प्रमाणे जबाबदाऱ्या टॉप मॅनेजमेंटने नेमून द्यायच्या. तरी एकच बिचारा एमआर सगळ्या खात्यांच्या प्रोसिजर लिहीत बसतो, तेही ऑडिटच्या तोंडावर!

मजकूर ज्याचं काम त्याचाच हवा. इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) बदलला की फीड बदलतो, हे प्रोडक्शनला आधी कळतं. क्यूएला कळतं ते रिजेक्शन आल्यावर. डॉक्युमेंट कंट्रोलरकडे नंबर, रिव्हिजन, वाटप एवढंच. आणि जुनी प्रत हातात पडल्याशिवाय नवी द्यायची नाही, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

मास्टर लिस्टमध्ये 'ओनर' रकाना ठेवा. त्यात हुद्दा लिहा, नाव नको. माणसं नोकरी सोडतात.

तुमच्याकडे त्या रकान्यात काय आहे? वरपासून खालपर्यंत 'क्यूए'च ना?