हात वर करण्याआधीचा बारेसी

इटलीचा बचावपटू फ्रँको बारेसी म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो चड्डीबाहेर लोंबणारा सहा नंबरचा लाल-काळा शर्ट आणि ऑफसाइड (पास सुटताना आक्रमक बचावफळीच्या पलीकडे, गोलच्या जास्त जवळ असणं) मागत वर गेलेला हात. त्या हाताची थट्टाही खूप झाली. पण हात हा त्याच्या कामाचा शेवटचा आणि सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग होता. खरं काम त्याआधीच्या तीन-चार सेकंदांत होऊन गेलेलं असायचं, आणि मिलान या इटालियन क्लबचा कर्णधार म्हणून त्याचं मोठेपण त्या सेकंदांत आहे.

आधी थोडा हिशेब. जन्म 8 मे 1960, ब्रेशाजवळच्या त्रावाल्यातो गावात. मोठा भाऊ ज्युसेप्पे याला मिलान शहरातल्याच इंटर या दुसऱ्या क्लबने घेतलं. फ्रँकोला मात्र अंगाने किरकोळ म्हणून नाकारलं. तो मिलानकडे गेला. (पुढे दोघं भाऊ आपापल्या क्लबचे कर्णधार झाले आणि मिलान-इंटर डर्बीच्या नाणेफेकीला समोरासमोर उभे राहिले.) मिलानचा प्रशिक्षक नील्स लीडहोल्मने 23 एप्रिल 1978 रोजी वेरोनाविरुद्ध त्याला पहिल्यांदा खेळवलं. पुढच्याच मोसमात मिलानने दहावं लीग विजेतेपद मिळवलं, तेव्हा हा पोरगा संघात पक्का होता. संघात त्याला मिलानी बोलीतल्या ‘पिशिनिन’ नावाने, म्हणजे ‘बारक्या’ म्हणून हाक मारत.

मग वाईट दिवस आले. 1980 मध्ये सामनेनिश्चितीच्या प्रकरणात मिलानला दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं. एका वर्षात संघ वर आला, आणि 1982 मध्ये मैदानावरच्या खराब खेळाने पुन्हा खाली गेला. त्याच वर्षी इटलीने विश्वचषक जिंकला. बारेसी त्या चमूत होता, पण त्याच्या जागेवर शिरेआ असल्यामुळे त्याला एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. विश्वविजेत्या चमूतला बावीस वर्षांचा खेळाडू दुसऱ्या श्रेणीत खेळायला कबूल होतो, आणि क्लब त्याच्या दंडावर कर्णधाराची पट्टी बांधतो. ती पट्टी 1997 पर्यंत तिथेच राहिली.

1987 मध्ये अरिगो साक्की मिलानचा प्रशिक्षक म्हणून आला आणि कामाचं स्वरूपच बदललं. तोवर इटलीत लिबेरो म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहून निसटलेलं आवरणारा गडी. साक्कीने चौघांना एका रेषेत आणलं: उजवीकडे तासोत्ती, डावीकडे मालदिनी, मध्ये कोस्ताकुर्ता किंवा फिलिप्पो गाली, आणि बारेसी. बचावफळी आणि सर्वांत पुढचा स्ट्रायकर यांच्यात 25 ते 30 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, हा दंडक. म्हणजे पाठीमागे अर्धं मैदान मोकळं. हा जुगार चालवायचा कुणी, तर रेषेच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाने.

रेषा कधी हलवायची याचे संकेत ठरलेले असतात. चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर आपला माणूस चढला आहे, चेंडूवाल्याची मान खाली आहे किंवा पाठ आपल्या गोलकडे आहे, तर त्याला लांब पास देता येत नाही, पुढे सरका. त्याने मागे पास दिला, तर चेंडू वाटेत आहे तेवढ्या वेळात चार-पाच पावलं चोरा. आपण चेंडू लांब उडवला, तर सगळे लगेच बाहेर पळा. पण तोच चेंडूवाला मोकळा आहे, मान वर आहे, पाय मारायला तयार आहे, तर पुढे जाणं म्हणजे आत्महत्या. शरीर अर्धं वळवून मागे हटायचं. बारेसीची नजर यासाठी स्ट्रायकरपेक्षा चेंडूवाल्याच्या पायांवर जास्त असे.

फसतं कुठे? बहुतेक वेळा लांबच्या बाजूच्या फुलबॅकपाशी, म्हणजे कडेच्या बचावपटूपाशी. तो आपल्या समोरच्या विंगरकडे, म्हणजे कडेच्या आक्रमकाकडे बघत बसतो, एक मीटर मागे राहतो, आणि तिघांची मेहनत पाण्यात जाते. दुसरा धोका मधल्या फळीतून उशिरा धावत येणाऱ्याचा; पास सुटताना तो रेषेच्या अलीकडे असतो, म्हणून ऑफसाइडच्या सापळ्यात सापडतच नाही. तिसरा गोलरक्षक: रेषा वर गेली आणि तो गोलमध्येच चिकटून राहिला, तर मधली पोकळी कुणाचीच नाही. आणि चौथी चूक हात वर करून थांबण्याची. बारेसी हात वर करतानाही मागे पळत असे. गल्लीतल्या ज्यांनी त्याची नक्कल केली, त्यांनी नेमका हा भाग सोडला.

हे सगळं घोटून घेतलेलं होतं. साक्की चेंडूशिवाय अख्खा संघ हलवून सराव घेई. गोलरक्षक आणि चार बचावपटू विरुद्ध दहा आक्रमक, असाही खेळ लावी. त्या दहांत गुलिट आणि व्हान बास्टेन असूनही गोल होत नसे, असं तो सांगतो. फळ 1989 मध्ये युरोपियन कपमध्ये (आजची चॅम्पियन्स लीग) दिसलं: उपांत्य फेरीत सान सीरोवर रेआल माद्रिदला 5-0, अंतिम सामन्यात बार्सिलोनात स्तेआउआला 4-0. पुढच्या वर्षी व्हिएन्नात बेनफिकावर 1-0. 1989 च्या बॅलन डी’ऑर या वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारात बारेसी व्हान बास्टेनच्या मागे दुसरा आला. बचावपटूसाठी ही जागा किती दुर्मीळ, ते वेगळं सांगायला नको.

गंमत अशी की त्याच काळात इटलीचा प्रशिक्षक विचिनी त्याला जुन्या पद्धतीने, बेर्गोमी आणि फेर्री यांच्या मागे लिबेरो म्हणून खेळवत होता. रविवारी एक धंदा, बुधवारी दुसरा. 1990 च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यातल्या कानिज्जियाच्या गोलपर्यंत इटलीने एकही गोल खाल्ला नव्हता. दोन्ही कामं सारखीच जमणारा दुसरा बचावपटू मला तरी दिसत नाही.

मिलानमध्ये साक्कीनंतर आलेल्या कापेल्लोच्या हाताखाली रेषा जरा खाली आली, धोका कमी झाला. 1993-94 च्या लीगमध्ये मिलानने 34 सामन्यांत फक्त 36 गोल केले, पण खाल्ले अवघे 15, आणि विजेतेपद घेतलं. त्या वर्षी अथेन्समध्ये झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला मात्र बारेसी निलंबित होता.

त्याच उन्हाळ्यात, 1994 च्या विश्वचषकात, 23 जूनला नॉर्वेविरुद्ध त्याच्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. शस्त्रक्रिया झाली आणि 24 दिवसांनी तो पासाडेनात अंतिम सामन्याला उभा. कोस्ताकुर्ता आणि तासोत्ती निलंबित असल्याने, आता इटलीचा प्रशिक्षक असलेल्या साक्कीला त्याची गरजही होती. भर दुपारच्या उन्हात 120 मिनिटं ब्राझीलच्या रोमारियो-बेबेटोला गोल मिळाला नाही. मग पेनल्टी शूटआउटमध्ये पायांत गोळे आलेल्या कर्णधाराने पहिली पेनल्टी घेतली आणि बारवरून उडवली. 1990 च्या उपांत्य सामन्यात इटलीची पहिली पेनल्टी त्यानेच घेतली होती, तीही गोलमध्ये. लोक त्या अंतिम सामन्यातली बॅजिओची शेवटची हुकलेली पेनल्टी लक्षात ठेवतात. बारेसीची विसरतात, हे त्याच्या नशिबाने बरंच म्हणायचं.

मिलानसाठी 719 सामने, सहा लीग विजेतेपदं, इटलीसाठी 81 सामने. निवृत्तीनंतर क्लबने सहा नंबर कायमचा बाजूला ठेवला, पट्टी मालदिनीकडे गेली.

1989 चे ते सामने बघायचे असतील तर तुकडे पाहू नका, पूर्ण चित्रीकरण शोधा; कॅमेरा चेंडूमागे जात असल्याने छोट्या क्लिपमध्ये रेषा दिसतच नाही. आणि एक लक्षात ठेवा: 1990 पर्यंत बचावपटूच्या अगदी बरोबरीने उभा असलेला खेळाडूही ऑफसाइड धरला जाई. आजच्या नियमाने बघाल तर लाइन्समनचे काही झेंडे चुकीचे वाटतील, पण त्या वेळी ते बरोबर होते.