रोज दोनशे सर्व्हिस

कोल्हापुरात खेळाडू म्हणून ओळख करून दिली की समोरचा माणूस आधी तालीम कोणती ते विचारतो. कुस्तीचे सोडाच, इथले फुटबॉल संघही पाटाकडील, दिलबहार अशा तालमींच्या नावांनीच मैदानात उतरतात. टेनिसला अशी पेठ नाही की पाठीराखे नाहीत. तरीही मी टेनिस खेळायला गेलो तो तालमीचाच एक विश्वास घेऊन: जितका घाम, तितका पैलवान पक्का. आमच्या अण्णांनी तरुणपणी लाल मातीत जोर काढले होते आणि जोर मोजण्याची रीत त्यांनी माझ्या सर्व्हिसला लावली. शाळा सुटल्यावर रोज दोनशे.

१९९९ साली, वयाच्या नवव्या वर्षी, मी पूर्ण लांबीच्या कोर्टावर मोठ्यांच्याच पिवळ्या चेंडूने शिकू लागलो. टप्पा पडून तो चेंडू माझ्या खांद्याच्या वर उसळत असे आणि त्याला गाठता गाठता हात नकळत रॅकेटच्या मुठीच्या खाली सरकत गेला. मातीच्या कोर्टावर ती पकड खपून गेली. पुढे महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर जागून चौदा वर्षांखालील स्पर्धांसाठी पुणे-मुंबई गाठू लागलो, तेव्हा तिथल्या हार्ड कोर्टवर खाली राहणाऱ्या चेंडूंनी माझ्या फोरहँडचे पितळ उघडे पाडले. बऱ्याचदा पात्रता फेरीतच हरून त्याच दिवशी परतीची एसटी धरावी लागे.

२००५ मध्ये सानिया मिर्झाने हैदराबादची स्पर्धा जिंकली आणि आमच्यासारख्यांच्या घरांतही टेनिसच्या खर्चाविषयीची कुरकुर काही दिवस थांबली. त्या वर्षी माझी उंची झपाट्याने वाढली, आणि टप्प्यानंतर उंच उसळणारी किक सर्व्हिस शिकायचा ध्यासही तेव्हाच लागला. या सर्व्हिससाठी चेंडू डोक्याच्या किंचित मागे उडवावा लागतो, कंबर मागे वाकवून त्याच क्षणी वळवावी लागते आणि तो सगळा ताण कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. वाढत्या वयात हाड अजून पक्के नसते, म्हणून तोच ताण रोज दोनशे वेळा पडला की त्याला बारीक भेग जाऊ शकते. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. सुरुवातीच्या दुखण्याला सगळे ‘अंग दुखणारच’ म्हणत राहिले, मीही म्हणालो, आणि स्कॅन होईपर्यंत चार महिने गेले. त्यानंतर कित्येक महिने रॅकेट बंद राहिली. परतलो तेव्हा बरोबरीची मुले अठरा वर्षांखालील गटात पुढे निघून गेली होती. मी बी.कॉम. केले.

प्रशिक्षक व्हायचे असे मी ठरवले नव्हते. एका ओळखीच्या मुलाला आठवडाभर शिकवायला गेलो आणि ते सुटले नाही. प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात फोरहँड समजावून सांगा म्हटले, तेव्हा मला तो फक्त मारून दाखवता आला. तिथेच कळले की लहान मुलांसाठी वेगळे चेंडू असतात: लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के, नारंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के संथ असतो, आणि लाल चेंडूसाठी कोर्टही ११ मीटरचेच आखतात. २०१२ पासून तर दहा वर्षांखालील स्पर्धांत आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने पिवळा चेंडूच बंद केला आहे. चेंडू कमरेच्या उंचीवर आला की मूल पकड बिघडवत नाही, इतके साधे कारण. स्वतःची पकड कशी बिघडली ते मला वयाच्या तेविसाव्या वर्षी समजले.

पालकांना लाल चेंडू पोरखेळ वाटतो. २०२२ मध्ये विम्बल्डनने प्रथमच चौदा वर्षांखालील स्पर्धा घेतली आणि कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव तिथे खेळली, तेव्हापासून त्यांची घाई आणखी वाढली आहे. परवा एक जण जाळीपाशी येऊन म्हणाले, “सर, पोरगी दमतच न्हाई, अजून शंभरभर मारू देत की.” मी म्हणालो, “दादा, आज साठ झाल्या, बास.” त्यांच्या चेहऱ्यावर मला अण्णाच दिसले, त्यामुळे रागावताही आले नाही.

ती मुलगी तेरा वर्षांची आहे आणि यंदा भराभर उंच होते आहे. सर्व्हिसचा आकडा तिने स्वतःच वहीत लिहायचा, असा मी नियम केला आहे. वहीत रोज बरोबर साठ असतात. मोजताना ती मधेच दोनतीनदा ‘चुकते’, असा मला दाट संशय आहे, म्हणून आता चेंडूंची टोपली मीच भरतो.