काळ्या मातीवरची लिफ्ट

गाडी उचलायच्या लिफ्टचे दोन्ही खांब टेम्पोतून उतरवून झाले होते. काकूंचा चहा पिऊन मी शेडमध्ये गुडघ्यावर बसलो आणि १० मिलिमीटरच्या बिटनं चाचणीचं भोक पाडायला घेतलं. नव्या जागी हे भोक मी कधीच चुकवत नाही. जिथं खांबाच्या तळाची बेसप्लेट बसणार तिथंच, आरपार. मग टोक वाकवलेली तार आत सोडायची, काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवायची आणि जाडी मोजायची. इथं बोटभर आणखी जाईल म्हणेपर्यंत बिट भसकन खाली गेलं आणि मशीनसकट माझा हात जमिनीवर आदळला. तार घालून पाहिलं. कोबा आणि पीसीसी, म्हणजे बिनसळीचं काँक्रीट, मिळून ११० मिलिमीटर. त्याच्या खाली चार बोटं नुसती हवा.

सांगलीची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेडची जमीन करताना माती न काढता वरच मुरूम टाकून पीसीसी ओतलेलं. माती दर उन्हाळ्यात थोडी थोडी खाली बसत गेली आणि लादी वर तशीच अधांतरी राहिली. मे महिना होता, म्हणून पोकळी एवढी सापडली. तेच काम ऑगस्टमध्ये आलं असतं तर माती फुगलेली असती, बिट जमिनीत घट्ट लागलं असतं आणि मी कदाचित बोल्ट मारून मोकळा झालो असतो. हा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो.

काका एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. घरी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, तिचं प्रत्येक काम स्वतःच्या हातानं. अडुसष्टाव्या वर्षी पोतं अंथरून गाडीखाली शिरतात, हे पुण्यातल्या मुलाला बघवेना. त्यानं टू-पोस्ट, म्हणजे दोन खांबांची लिफ्ट घेऊन टाकली आणि बसवायला मला बोलावलं.

निवड तशी चुकीची नव्हती. शेडचा पत्रा उतरता, मागे उंची ३.२ मीटर. वरून आडवी बीम जाणारी लिफ्ट इथं उभीच राहिली नसती. त्यानं घेतली ती बेसप्लेटची, खांब २.८ मीटर, केबल जमिनीलगतच्या पट्टीखालून जाणारी. पद्मिनी उंचीला दीड मीटरला जराशी कमी, म्हणजे १.६ मीटर उचलता येईल. मुलाची स्कॉर्पिओ मात्र सव्वा मीटरच्या आतच थांबवावी लागेल. फोर-पोस्ट घेतली असती तर भार चार पायांवर सरळ खाली गेला असता, जमिनीला एवढा ताण नसता. पण ती चाकं धरून उचलते, आणि काकांना ब्रेक-सस्पेन्शनसाठी चाकं मोकळी हवी होती.

विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं, चार इंच काँक्रीट पुरे. ते चार इंच घट्ट जमिनीवर टेकलेलं हवं, हे सांगितलं नव्हतं. टू-पोस्टमध्ये गाडी खांबावर नसते, खांबापासून आत लांब हातांवर असते. खांब आतल्या बाजूला झुकायला बघतो आणि मागचे बोल्ट जमिनीतून उपटायला लागतात. दोन टनांची गाडी, खाली माणूस उभा, आणि ती सगळी ओढ त्या पोकळ लादीवर.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, केमिकल अँकर वापरून भागवा ना. मी रजा काढून येणार आहे." म्हणजे भोकात रसायन भरून त्यात बोल्ट चिकटवायचे.

मी म्हटलं, "केमिकल बोल्टला काँक्रीटशी धरून ठेवेल. काँक्रीटला कोण धरणार?"

तो चिडला. मला वाटलं काकाही चिडतील. ते काही बोललेच नाहीत. उठले, हातोडी घेतली आणि शेडच्या दारापासून जमीन ठोकत निघाले. टण, टण, टण, मग ढब. ढब आलं की खडूनं खूण. अर्ध्या तासात निम्मी शेड खडूनं भरली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, बसमधी पन्नास माणसं असायची. एक नट ढिला दिसला तरी आमी गाडी डेपोतनं सोडली नाही. तुमी सांगा, किती खोदायचं?"

ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरकडून नकाशा करून घेतला. दोन्ही खांबांखाली मिळून एकच ४.२ बाय १.५ मीटरची पट्टी, म्हणजे एक खांब खचला आणि दुसरा राहिला असं व्हायला नको. काळी माती खोलवर काढून थराथरानं मुरूम ठोकला, त्यावर दगडांचं सोलिंग, पीसीसी आणि मग २५० मिलिमीटर जाड आरसीसी, एम-२५ ताकदीचं, १२च्या सळीच्या दोन जाळ्या. सातव्या दिवशी मुलाचा पुन्हा फोन, आता बसवा म्हणून. सातव्या दिवशी काँक्रीटची ताकद जेमतेम दोन तृतीयांश आलेली असते. मी २८ दिवसांवर अडून बसलो. काकांनी उसाला बांधावं तसं कडेनं मातीचं आळं बांधून पाणी भरून ठेवलं होतं.

जूनच्या अखेरीला पुन्हा गेलो. १९ मिलिमीटरची भोकं पाडून आतली धूळ फुंकून काढली. धूळ राहिली की बोल्ट फसवा घट्ट लागतो. ओळंब्यात खांब उभे केले, बेसप्लेटखाली पत्र्याच्या चकत्या घातल्या, टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, बोल्ट आवळले. मोटर सिंगल फेजची, तिला वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी. दोन्ही बाजूंच्या केबल समान ताणायला मात्र दुपार गेली. गाडी वर अडवून धरणाऱ्या डाव्या-उजव्या लॉकचा 'खट्' एकाच वेळी येईपर्यंत मी सोडत नाही.

आधी मुलाची स्कॉर्पिओ उचलली. वीतभर वर घेऊन थांबवली, धक्के देऊन पाहिली, मग पत्र्याखाली बसेल तेवढ्या उंचीवर नेऊन लॉकवर टेकवून तासभर ठेवली. बोल्ट पुन्हा तपासले. एकही हलला नव्हता.

मग पद्मिनी. काका चप्पल काढून तिच्याखाली गेले. पाठ सरळ, मान वर. बराच वेळ नुसते बघत राहिले. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मागच्या डाव्या चाकाजवळ फ्लोअरच्या पत्र्यावर टेकवला. टोक आत गेलं, गंजाचा भुगा त्यांच्या कपाळावर पडला.

"झोपून हे कधी दिसलंच नव्हतं," ते म्हणाले. "अगं ए, ती बॅटरी आण बघू आतनं."