तुम्ही विचारलंत म्हणून : गाडीत रोल केज का टाकून देत नाही?

धुळ्यात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. दर दोन-चार आठवड्यांनी कुणीतरी पोरगा जिप्सी नाहीतर जुनी जीप घेऊन येतो. "भाऊ, केज टाकून द्या ना. लळिंग घाटात उलटली तर जीव तरी वाचेल." केज म्हणजे गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत बसवलेला लोखंडी पाइपांचा सांगाडा.

मी त्याला त्याच्याच सीटवर बसवतो, बेल्ट लावायला सांगतो. मग दाराच्या वर, जिथून पाइप जाणार तिथे एक तुकडा धरतो आणि म्हणतो, आता मान उजवीकडे टाक. कान पाइपला टेकतो. तेही उभ्या गाडीत.

आपला नेहमीचा बेल्ट एकाच खांद्यावरून येतो. धडक बसली की अंग पुढे जातं, बाजूलाही झुकतं. रेसच्या गाडीत दोन्ही खांद्यांवरून पट्टे असतात, अंगाला धरून ठेवणारी बकेट सीट असते, डोक्यावर हेल्मेट असतं. त्या सगळ्यासकट केज वाचवतो. मे महिन्याच्या उन्हात बाजारात जाताना हेल्मेट घालून गाडी कोण चालवेल? मग डोकं आणि लोखंड यांच्यात उरतं काय? पाइपला सोफ्याचा फोम गुंडाळून भागत नाही, तो एका दणक्यात दबतो. नव्या गाड्यांत छताच्या कडेतून पडद्यासारखी एअरबॅग खाली येते. पाइप नेमका तिच्या वाटेत. मागे बसलेल्यांच्या तर कपाळासमोरच आडवा पाइप.

"थारला कंपनीच देते की!" हेही ऐकतो. 2020 पासूनच्या थारमध्ये केज आहे, खरं आहे. पण तो सीट, बेल्ट आणि बॉडी यांच्यासोबत आखलेला आहे, मागून डकवलेला नाही.

पाइपचंही तसंच. एफआयए ही मोटार रेसिंगची जागतिक संघटना. तिच्या नियमात केजच्या मुख्य कमानीला सांधा नसलेला (सीमलेस) पाइप लागतो, 45 मिमी व्यास आणि 2.5 मिमी जाडी, किंवा 50 आणि 2. बाजारात मागतात तो ग्रिलचा पाइप. वाकवताना चपटा होतो. गंजलेल्या फ्लोअरवर वेल्ड केला तर गाडी उलटल्यावर केजचा पाय पत्रा फाडून आरपार जातो. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी स्वतः एक केज केला होता, ओळखीतल्या माणसाच्या जीपमध्ये. पारोळ्याच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, त्याने ब्रेक दाबून गाडी वळवली. वेग फार नव्हता. गाडी उलटली नाही, म्हशीलाही लागलं नाही. त्याचं डोकं मात्र मी लावलेल्या पाइपवर आदळलं. कानशिलावर सात टाके पडले. तो मला एका शब्दाने बोलला नाही. मला अजून ते रक्त आठवतं.

त्या वर्षापासून मी केज लावत नाही. कुणी काढायला आणला तर काढून देतो. गेल्या महिन्यात एक जण आला, मागच्या सीटवर आता मुलगी बसते म्हणून. पाइप कापायला तासभर लागला. फ्लोअरची भोकं बुजवून, घासून, रंग मारेपर्यंत संध्याकाळ झाली. मजुरी घ्यायला हात पुढे झाला नाही.