रत्नागिरीला जांभ्याखालचं काळं लाकूड बघायला जाताय? मग हे वाचा

जीवाश्म लाकूड म्हटलं की दगड झालेलं खोड आठवतं, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात तसलं काही शोधत बसू नका. इथे जांभ्याखाली चिकणमाती लागते आणि तिच्यात लिग्नाइट (तपकिरी, कच्चा कोळसा) अन् काळं पडलेलं लाकूड, मायोसीन काळातलं मानतात, म्हणजे साधारण ५३ लाख ते २.३ कोटी वर्षांपूर्वीचं. वरून काहीच कळत नाही, विहीर खणतात तेव्हाच बाहेर येतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जा आणि विहिरींची कामं कुठे चालू आहेत ते गावात विचारा.

आम्ही पावसच्या बाजूला गेलो होतो. विहीरवाले काका म्हणाले, "ह्या लाकडाचं काय करणार तुमी, चुलीत पण नीट पेटत नाय." पण बघू दिलं. विहिरीत अजिबात उतरू नका, बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगातच भरपूर मिळतं.

तुकडा ओला असतानाच नव्या ब्लेडने आडवा काप घ्या आणि १० पटीच्या भिंगातून बघा. आमच्या तुकड्यात भोकं (म्हणजे झाडात पाणी वाहणाऱ्या नळ्यांची तोंडं) सगळीकडे सारखी विखुरलेली होती, वर्षाची वलयं कुठेच नाहीत! जाण्याआधी वखारीत सागाचा ताजा काप बघून ठेवा, त्यात मोठ्या भोकांची ओळ दरवर्षी स्पष्ट उमटते कारण सागाची वाढ कोरड्या महिन्यांत थांबते. वलयं नसणं म्हणजे झाड बहुतेक बारमाही वाढत होतं, आणि आज त्याच जागी दिवाळीनंतर सगळं वाळून जातं, हे तिथे उभं राहून कळलं की अंगावर काटा येतो. अर्थात एका तुकड्यावरून हवामान ठरवू नका, काही झाडं कोरड्या ऋतूतही वलयं धरत नाहीत. राळेच्या नळ्यांसारखं काही दिसलं तर डिप्टेरोकार्प (राळ देणारी उंच झाडं) कुळाचा विचार करा, ते आज कर्नाटक-केरळच्या सदाहरित जंगलात आहे. पण पक्की ओळख भिंगाने होत नाही, आडवा आणि दोन उभे असे तीन दिशांचे काप मायक्रोस्कोपखालीच बघावे लागतात.

मालकाला विचारल्याशिवाय काही उचलू नका. नेलंच तर ओल्या कापडात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळा, वाळलं की तडकतं, आणि आत पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) असेल तर काही महिन्यांत पांढरी पूड धरून भुगा होतो. किती फुटांवर, कुठल्या थरात मिळालं ते तिथल्या तिथे लिहा, नाहीतर पुण्याच्या आघारकर संस्थेत किंवा लखनौच्या बीरबल साहनी संस्थेत दाखवलंत तरी पहिला प्रश्न तोच येईल.