सायकलवरचे जुने स्टिकर काढताना: माझा अनुभव

मोठ्या भाचीची लाल सायकल यंदा धाकटीकडे आली. आमच्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकल मिळते, पण आठवीपासून. ही आता सातवीत जाणार, आणि शाळा पलीकडच्या गावात. सायकल धडधाकट होती, फक्त फ्रेमवरचे स्टिकर उन्हापावसानं पार उडालेले. कंपनीच्या नावातली निम्मी अक्षरं गेलेली, फुलपाखराचा एकच पंख शिल्लक. "मामाजी, हे सारं काढून द्या, अन् माह्यं नाव टाका," एवढंच तिचं म्हणणं.

सगळी फ्रेम घासून नव्यानं रंगवून टाका, असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मला ते पटलं नाही. कारखान्यात फ्रेमवर चढवलेला रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. घरी ब्रशनं मारलेल्या ऑइलपेंटला तो टणकपणा येत नाही. वर्ष-दोन वर्षांत टवके उडतात आणि तिथून गंज शिरतो. म्हणून स्टिकर गेले पाहिजेत आणि खालचा रंग राहिला पाहिजे, हे मी आधीच ठरवलं. पुढं जे जे केलं ते याच हिशेबानं.

पहिली गोष्ट म्हणजे स्टिकर रंगाच्या वर आहे की वार्निशच्या खाली, हे पाहणं. स्टिकरच्या कडेवरून नख फिरवायचं. नखाला कड अडली तर स्टिकर वर चिकटवलेला आहे, तो निघतो. नख सरळ घसरलं तर त्यावर पारदर्शक लॅकरचा थर आहे, आणि तो घासून काढल्याशिवाय स्टिकरला हातच लागत नाही. आमच्या घरी आजोबांची काळी सायकल आहे. तिच्यावरचं सोनेरी चित्र पाण्यात भिजवून उतरवायच्या जुन्या ट्रान्सफरचं आहे आणि वरून वार्निश मारलेलं आहे. तसल्या सायकलीचं काही काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते चित्र पुन्हा मिळत नाही. भाचीच्या सायकलवर मात्र साधे प्लास्टिकचे स्टिकर होते आणि नख सगळीकडे अडत होतं.

या स्टिकरचा गोंद उष्णतेनं मऊ पडतो. शहरात लोक हेअर ड्रायर लावतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात त्याची काय गरज? पारा चव्वेचाळीसला, आणि वीज असली तर असली. सायकल अंगणात उभी केली की काम सुरू. यात एक बारकावा मात्र हाताला कळला. भर दुपारी फ्रेमला हात लावता येत नाही, तेव्हा स्टिकर ओढला तर तो येतो, पण गोंद मधासारखी तार धरतो आणि सगळा फ्रेमवरच राहतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, फ्रेम कोमट असताना ओढला, तर बराचसा गोंद स्टिकरबरोबरच निघून येतो. ओढायचा तो वर उचलून नाही, तर उलटा दुमडून, स्टिकरच्याच अंगावरून मागं, अगदी सावकाश. घाई केली की जुनं प्लास्टिक कडकन तुटतं आणि पुन्हा नवी कड शोधत बसावं लागतं.

कड उचलायला मी जुनं, बाद झालेलं एटीएम कार्ड वापरलं. गावातले सायकल मिस्त्री काकाजी येऊन बघत होते. "ब्लेड लावू नका बाप्पा," ते म्हणाले, "स्टिकरच्या आधी रंग निघन." त्यांचं खरं आहे. पाइप गोल असतो, ब्लेड सपाट. त्याचं टोक रुतणारच. चेनकव्हरवरचा स्टिकर उन्हानं इतका ठिसूळ झाला होता की त्याचा नुसता भुगा पडायचा. तिथं गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळून ठेवायचं, ते निवलं की पुन्हा भिजवायचं आणि बोटानं चोळायचं. सगळ्यात जास्त वेळ तिथंच गेला.

आता राहिला गोंद. रॉकेल आजकाल खेड्यातही सहज मिळत नाही, म्हणून मी खोबरेल लावलं. तेल चोपडून अर्धा-पाऊण तास सोडलं की गोंद फुगतो आणि फडक्यानं चोळल्यावर त्याच्या करड्या वळ्या होऊन निघतात. आपल्याकडे घरात जवसाचं तेल असतं, ते मात्र इथं लावू नका. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं. म्हणूनच ते ऑइलपेंटमध्ये घालतात. गोंद काढायला जाल आणि वर नवा चिकट थर बसेल. खोबरेल तसं वाळत नाही. जे हट्टी डाग राहिले, त्यांना फडक्यावर थोडंसं डिझेल घेऊन पुसलं, ते सावलीत, चुलीपासून लांब आणि आधी पायडलच्या एक्सलखाली न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्यानं तपासून. फडक्याला रंग लागला असता तर तिथंच थांबलो असतो. थिनर आणि नेलपेंट रिमूव्हर मी जवळ आणलेच नाहीत. ते गोंदाइतकेच रंगालाही खातात.

एक्सलखाली तपासायला सायकल उलटी केलीच होती, तर धातूत ठोकलेला फ्रेम नंबरही साफ करून वहीत लिहून ठेवला. कंपनीचं नाव गेल्यावर सायकल आपली आहे हे सांगायला तोच उरतो.

शेवटी साबणाच्या पाण्यानं धुतल्यावर दिसलं की स्टिकर गेले, पण त्यांची सावली राहिली. उघड्यावरचा लाल रंग फिका, खडूसारखा झालेला आणि स्टिकरखालचा जसाच्या तसा गडद. फुलपाखरू आता लालावर लाल दिसत होतं. यावर उपाय म्हणजे आजूबाजूचा मेलेला थर उतरवणं. पांढरकवड्याहून रबिंग कंपाऊंड, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढायची पेस्ट, आणलं आणि मऊ सुती कापडानं, थोडा दाब देऊन, गोल गोल घासलं. कापड लाल होतं, त्यानं घाबरायचं नाही. तो वरचा जळालेला रंग असतो. पाइप जिथं जोडलेले असतात त्या कडांवर मात्र रंग पातळ असतो, तिथं हात हलका ठेवायचा. फ्रेमवरची सावली जवळजवळ गेली. चेनकव्हरवर वाकून पाहिलं तर अजून जाणवते. आणखी घासलं तर पत्रा दिसेल, म्हणून तिथं थांबलो.

मग पॉलिश मेण लावलं, पण नाव टाकायची जागा कोरडी सोडून. मेणावर किंवा तेलकट हात लागलेल्या जागी रंग धरत नाही. ती जागा पुन्हा साबणानं धुऊन, वाळवून ठेवली, तेव्हा कुठं बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनं तिचं नाव पिवळ्या रंगात काढून दिलं.