खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

खंडेनवमीची पूजा झाली की आमच्या गॅरेजात पान्याला हात लावत नाहीत. टी-पाने, पकडी, अगदी गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनरसुद्धा हळदकुंकू लावून पाटावर. आणि नेमकं त्याच दिवशी अर्धं सांगली शहर गाड्या धूत असतं.

चारच्या सुमाराला एक पेट्रोल गाडी लंगड्या बैलासारखी झटके घेत आत आली. मीटरवर चेक लाईट, म्हणजे इंजिनातला बिघाड सांगणारा दिवा, लुकलुकत होता. हा दिवा नुसता लागला असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकायला लागला की गाडी बाजूला घ्यायची. कारण सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतं, आणि त्या कन्व्हर्टरची किंमत ऐकली की भलेभले खाली बसतात.

"काही नाही हो मिस्त्री, पूजेसाठी इंजिन धुतलं. नवीन प्रेशर पंप आणलाय," गाडीवाले दादा म्हणाले.

बोनेट उघडलं. इंजिन चकाचक, आणि वर रॉकेलचा वास! पाण्यापेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटते. गरम सायलेन्सरवर रॉकेल पडलं तर पेट घ्यायला वेळ लागत नाही, शिवाय रबरी पाइप फुगतात ते वेगळंच.

देवीची माफी मागून पाटावरचा स्कॅनर उचलला. कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, तिथं पेट्रोल नीट पेटत नाही. तिथली प्लगला वीज देणारी कॉइल उपसली तर रबर ओलंचिंब आणि प्लगच्या खड्ड्यात पाणी. पोऱ्यानं लगेच प्लगचा पाना पुढं केला. त्याला थांबवलं. आधी प्लग सोडला की ते पाणी सरळ सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून वर फडकं धरून कॉम्प्रेसरची हवा मारली, खड्डा कोरडा केला, मग प्लग काढला. कॉइल, कपलर सगळं वाळवून बसवलं, कोड पुसला. गाडी पहिल्यासारखी चालू.

पण खड्ड्यातल्या त्या पाण्यावर तेलाचा तवंग होता. म्हणजे टॅपेट कव्हरखालून, इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखालून, तेल झिरपतंय. बाहेरूनही गळतंय का, हे ओघळावर बसलेल्या धुळीवरून एका नजरेत कळलं असतं. ती धूळच दादांनी धुऊन टाकली होती. मला विचाराल तर इंजिन चमकायची गरजच नसते.

तरी त्यांनी विचारलंच, घरी धुवायचं तर कसं? म्हटलं, हात ठेवता येईल इतकं गार होऊ द्या. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, कॉइल, एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकनं बांधा. पाण्यात कालवलेला डिग्रीजर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रावण, ब्रशनं लावा आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्या. पंप फक्त चाकांसाठी. सगळं पूर्ण वाळल्यावर प्लास्टिक काढून तार जोडा, बोनेट उघडं ठेवून गाडी थोडा वेळ चालू ठेवा.

दसऱ्याला स्पेअरची दुकानं बंद, त्यामुळे कव्हरखालचं पॅकिंग बदलायचं काम एकादशीवर गेलं. तोवर बोनेटखाली फडकंही फिरवायचं नाही, अशी ताकीद दिली. एकादशीला पाहिलं तर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून तेलाचा ताजा ओघळ आलेला. पॅकिंगबरोबर प्लगच्या नळ्यांची सीलंही बदलून टाकली.